बिनजिभेचं गवत

चंद्राकाकीला आंधळी म्हणणाऱ्यांनी आधी स्वतःचे डोळे तपासून घ्यावेत, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगते. मागून बोलायची मला सवय नाही. वाडीत मला तोंडाळ म्हणतात, म्हणू देत. पण आता जे सांगणार आहे त्यात मीही गुन्हेगार आहे. तेव्हा सेजल फक्त दुसऱ्यांची उणीदुणी काढते, असं कुणी समजू नये.

माझं माहेर दासगाव. लग्न होऊन वरंधच्या वरच्या अंगाला ह्या वाडीत आले त्याला सोळा वर्षं झाली. चंद्राकाकी आमच्या शेजारची, अगदी शेवटच्या घरातली. नाव चंद्रभागा, वय सत्तरीच्या घरात, नवरा जाऊन अकरा वर्षं झालेली. एकुलता एक किशोर नालासोपाऱ्याला राहतो, लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर आहे. काकीकडे एक म्हैस आणि ओढ्याच्या काठाला चार खाचरं. खाचरं म्हणजे काय, उतारावर बांध घालून केलेले भाताचे तुकडे. चारही मिळून वर्षाचं खायला पुरतात, थोडं किशोरकडे जातं. एवढीच तिची दौलत, पण तिच्या बोलण्यात ती आख्ख्या तालुक्याएवढी असते.

डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पुरता पिकलाय आणि उजव्यातही धरलाय. महाडच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, तर ही म्हणाली, "भात कापून झालं की येते." हे ती तीन वर्षं म्हणतेय.

आमच्याकडे अजून सावड आहे. आज सगळ्यांनी तुझ्या शेतात उतरायचं, उद्या माझ्या, परवा तिसरीच्या. पैशाचा संबंध नाही, हाताला हात. सावडीत नसशील तर तुझं शेत तुझ्या दोन हातांवर, आणि श्रावणात दोन हातांना चार खाचरं आटपत नाहीत. पूर्वी खालच्या आळीतले कुशाबा मजूर लावायचे. आता मजूर मिळत नाहीत, म्हणून त्यांची बायको बनुबाई आणि सून अंकिता आमच्या सावडीत आल्या. त्यांची जमीन आमच्या सगळ्यांच्या मिळून होईल त्याहून जास्त, त्यामुळे आवाजही जास्त.

बेणणी म्हणजे भातातलं तण काढणं, हे सोपं काम वाटतं ना? मग या आमच्याकडे आणि पाखड ओळखून दाखवा. पाखड हे एका पावसाचं गवत. बी रुजतं, वाढतं, भाताच्या आधी पिकतं, बी चिखलात गाळतं आणि मरून जातं. पुढच्या वर्षी त्याच बियांतनं पुन्हा हजर. लहानपणी ते असं हुबेहूब भातासारखं दिसतं की भाताच्या आईलाही फसवेल. ठेवलं तर भाताचा घास खातं, आणि त्याच्या नादात भातच उपटलं तर बाईची अब्रू गेली. आमच्यात बेणणारणीला ह्याहून मोठी शिवी नाही.

काकी बेणायला उतरली की रांगेत सगळ्यात पुढे. बघायची नाही, चाचपायची. पात धरायची, अंगठ्याचं नख पातीवरून खाली खोडापर्यंत न्यायची आणि उपटायची किंवा सोडायची. आम्ही उपटलेलं गवत बांधावर भिरकावतो. ही मात्र स्वतःचं म्हशीसाठी वेगळं ठेवायची, त्याच गवताच्या काडीनं जुडी बांधून, दोन वेढे आणि शेवट आत खुपसलेला. तिची जुडी शंभरांत ओळखू येते.

यंदाच्याच श्रावणातली गोष्ट. कुशाबांच्या मुलाच्या, विनीतच्या डोक्यात आलं की लावणीची कटकटच नको. मोड आलेलं बी थेट चिखलात फेकलं. बी पण नवं, महाडहून आणलेलं. झालं, सगळं शेत भरभरून उगवलं, पण रांगा नाहीत. लावणीच्या शेतात रांगेबाहेरचं ते तण, एवढं तरी कळतं. इथे भात कुठलं आणि पाखड कुठलं, सगळा बाजार. बेणणीला आम्ही सातजणी उतरलो. दुपारपर्यंत बांधावर हा एवढा ढीग पडला.

बनुबाई भाकरीची टोपली घेऊन आल्या, ढिगाजवळ वाकल्या आणि किंचाळल्याच.

"अगो बायांनो, भात उपटलंय! हे बघा, भात हाय हे!"

विनीत धावत आला. त्यानं मोबाईल काढला, एका रोपाचा फोटो घेतला. मोबाईलनं सांगितलं, भात. दुसऱ्याचा घेतला, भात. आम्ही जिथल्या तिथे उभ्या. बनुबाईंनी एकदाही इकडेतिकडे बघितलं नाही, सरळ काकीकडे बोट केलं.

"हिचंच काम हे. हिला दिसतंय कुठं? सोन्यासारखी रोपं गेली माझी."

खरं सांगते, मलाही तेच वाटलं. म्हातारीचे डोळे गेले, चुकली असेल. मी गप्प राहिले. मी, तोंडाळ सेजल, जी रेशनच्या रांगेत गावाला ऐकू जाईल असं भांडते, ती चिखलाकडे बघत उभी राहिले.

काकी गुडघाभर चिखलात ताठ झाली. "ती जुडी माझी. गाठ बघ. सोड ती आणि त्यातलं भात काढून दाखव मला."

विनीतनं जुडी सोडली, वरच्या एका काडीचा फोटो काढला. "आजी, मोबाईल हे पण भातच सांगतोय."

"मोबाईलला नख हाय काय रे?" काकी म्हणाली. "आण इकडं, दाखवते तुला."

"आम्हाला शिकवू नको हां," बनुबाई म्हणाल्या. "चूक झाली तर झाली म्हणावं माणसानं."

मग कुशाबा बोलले. कुशाबा वाईट माणूस नाही, आवाज चढवत नाही. आणि तेच जास्त लागलं. "चंद्रभागा, वय झालं आता. कशाला चिखलात उतरतेस? उद्यापासून बांधावर बस, पोरींचा चहा बघ."

काकीच्या तोंडावरचा रंग मी बघितला. नवरा गेला तेव्हा ती इतकी पांढरी पडली नव्हती. ती वर आली, आपली जुडी पुन्हा बांधली, बांधावरच्या ढिगातलं गवत पण कवळाभर उचललं आणि चालू लागली. जाताना म्हणाली, "चहा बघायला मी अजून मेले नाय. गौरीपर्यंत थांबा. हे गवत आपल्या तोंडानं सांगंल कोण आंधळं ते."

ओढ्याच्या वाटेला लागून तिचं पहिलं खाचर आहे. तिथे वाटेकडेच्या कोपऱ्यात तिनं दोन ओळी लावल्या. वरच्या ओळीत तिच्या जुडीतली एकतीस रोपं, खालच्या ओळीत ढिगातली. मध्ये दगड. येणारे जाणारे हसायचे. पाखड उपटायचं असतं, ही बया लावतेय! म्हातारी आता डोक्यातनं पण गेली, असं म्हणणारेही होते, नावं घेत नाही.

तिच्या खाचरांच्या सावडीचा दिवस आला आणि गेला. कुणीच गेलं नाही. बनुबाई म्हणाल्या, ती आपल्यात नाही तर तिचं शेत का करायचं, आणि आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. काकी एकटी बेणत होती. पावसात गोणपाट पांघरून, ढुंगण चिखलाला टेकवून, हातभर सरकत सरकत. मी त्या वाटेनं रोज जायचे. एकदाही उतरले नाही. आज ते आठवलं की मला माझाच राग येतो.

पंधरा दिवसांनी किशोरचा फोन आला. आमच्या अंगणात रेंज येते, म्हणून काकी तिथेच बोलते, आणि फोन स्पीकरवर असतो कारण तिला बटण दिसत नाही.

"आये, माझं कुशाबांशी बोलणं झालंय. पुढच्या वर्षीपास्नं आपली खाचरं ते अर्धेलीनं करतील. अर्धं भात आपल्याला घरबसल्या. मी गणपतीला येतो, जाताना तुला घेऊन जातो. ऑपरेशन पण इकडेच करून टाकू."

"मला इचारलंस?"

"तुझ्याबरोबर कामाला कोण येत नाय ना आता. एकटी काय करणार तू?"

"करतेय ना. एक खाचर झालं, दुसरं धरलंय."

"आये, हट्ट नको ना. प्लीज."

"हट्ट तुझ्या बापानं केला म्हणून ती खाचरं हायत," काकी म्हणाली. "माझ्या शेताला मी हाय तोवर वाटेकरी लागणार नाय. आंधळी म्हणून तर नायच नाय. ठेव." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बंद कर गो ते."

भाद्रपद लागला. गौरीसाठी तेरडा आणायला मी ओढ्यावर निघाले होते. काकीच्या खाचराजवळ आले आणि पाय थांबले. वरच्या ओळीला तुरे आले होते. हिरवे जांभळट, आखूड आखूड फांद्यांचे, बारीक गोल दाण्यांनी गच्च भरलेले. बांधाबांधावर आयुष्यभर बघितलेलं पाखड, नागडं उघडं. खालच्या ओळीत तुरे अगदी तुरळक, बाकी सगळी तुऱ्याविना. काळीभोर पानं आणि पोटरीत आलेली फुगीर खोडं. भात, शंभर टक्के भात!

काकी बांधावर बसली होती. "बघितलंस? ये, बस."

मी बसले. "काकी, खालची ओळ कुणाच्या हातची?"

"ते मला काय माहीत? मी फक्त माझ्या जुडीचं जाणते." मग म्हणाली, "तू पाखड कशावरनं ओळखतेस?"

"बुडावरनं. लाल पाय ते पाखड, पांढरा पाय ते भात."

"कुणी शिकवलं?"

"तुम्हीच शिकवलंत की काकी. लग्नाच्या पहिल्या पावसात."

खालच्या ओळीतलं एक रोप वाकवून तिनं त्याचं बूड चिखलातनं मोकळं केलं. भातच होतं, आणि पाय लालबुंद. कुशाबांच्या नव्या बियाण्यात कितीतरी रोपांचा पायच लाल! लावणी असती तर रोपं हातात धरताना आमच्या लक्षात आलं असतं. बी फेकलेलं, बेणणीआधी पाय कुणी बघितलेच नाहीत. त्या दिवशी मी लाल पाय दिसला की उपटत होते. झरझर, सगळ्यांच्या पुढे, स्वतःवर खूश.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "माझं आहे ते काकी. मी उपटलं. आणि बोलणी तुम्ही खाल्लीत."

"रडू नको. निम्मी चूक माझी. तू नवी, घाईची. लवकर यावं म्हणून मी सोप्पं ते शिकवलं. आमच्या जुन्या भातांचे पाय पांढरेच असायचे ना." तिनं माझा अंगठा धरला. "आता खरं शिक. डोळे मीट."

तिनं माझं नख एका पातीवरून खाली नेलं. पात उलट्या बाजूनं खरखरीत लागली. जिथे पात खोडाला मिळते तिथे नख अडलं. कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखं पातळ काहीतरी उभं होतं, आणि दोन्ही बाजूंनी बारीक केसाळ कान खोडाला धरून होते.

"ही भाताची जीभ," काकी म्हणाली. "आता हे बघ."

दुसरी पात मऊ होती. नख सरळ घसरत खोडावर गेलं. काही अडलं नाही, जीभ नाही, कान नाही. खोडही बुडाशी चपटं.

"पाखडाला जीभ नसते. बी नवं येऊ दे, पाय लाल होऊ दे नायतर काळा. भात असंल तर जीभ असणारच. डोळ्यांचं काय काम हाय यात?"

मी म्हटलं, आत्ताच जाऊन सगळ्यांना सांगते. ती म्हणाली, "तू सांगशीलच, तुझं तोंड काय गप बसतंय. पण त्यांनी हितं येऊन बघायला पायजे. मी बोलवायला जाणार नाय. ते येतील."

आले की! येणारच होते. वाडीचे आणि खालच्या आळीचे गणपती गौरींबरोबर त्याच ओढ्याच्या डोहात जातात आणि वाट हीच. विसर्जनाच्या दिवशी ढोल वाजवत सगळे उतरले. मुंबईकर होते, किशोर होता, पुढे कुशाबा पाट डोक्यावर घेऊन. आणि वाटेच्या मधोमध चंद्राकाकी, कंबरेला पदर खोचून, हात आडवे करून.

"आये, बाजूला हो," किशोर पुढे धावला. "काय तमाशा लावलाय, विसर्जन हाय."

"बाप्पा थांबंल दोन मिनिटं. त्याला घाई नाय, तुम्हाला हाय." तिनं कुशाबांकडे बघितलं. "कुशाबा, माझी जुडी तुमच्यासमोर नेली होती. ती वरची ओळ. खालचा तुमचा ढीग. वाचा."

ढोल थांबला. कुशाबांनी पाट विनीतच्या हातात दिला आणि बांधावर वाकले. शेतकरी माणूस, त्यांना नखही लावावं लागलं नाही.

बनुबाई मात्र गप्प बसणाऱ्यातल्या नाहीत. ओळ शोधत गेल्या आणि ओरडल्या, "हे बघा, हिच्या ओळीत पण एक भात हाय!"

"हाय," काकी म्हणाली. "शेवटून चौथं. एकतिसांत एक. ते माझं चुकलं, मी काय लपवून ठेवलं नाय, वर चिंधी बांधलीय बघ. तुझ्या ढिगातली किती ते मोज आता."

आता माझी पाळी होती. गौर माझ्या हातात होती, तिच्यासमोर खोटं कसं बोलणार? मी मोठ्यानं म्हटलं, "ढिगातलं भात माझ्या हातचं आहे. लाल पाय बघून मी उपटलं. काकीचा काही संबंध नाही. आणि त्या दिवशी मी गप्प बसले, त्याची मला लाज वाटते."

"माझ्या पण हातचं आहे," मागून बारीक आवाज आला. अंकिता होती, बनुबाईंची स्वतःची सून. "सेजलताईंनी मला लाल पाय शिकवला होता."

कुणीतरी फिसकन हसलं.

"पोरींना बोलू नका," काकी म्हणाली. "लाल पाय मी शिकवला, तो माझा गुन्हा. पण मी आंधळी म्हणून नाय शिकवला. तेव्हा मला दोन्ही डोळ्यांनी ढळढळीत दिसत होतं." मग ती किशोरकडे वळली. "तू तरी यायचंस रे बघायला. तुझ्या आईला आंधळी म्हटलं आणि तू फोनवर शेत वाटून मोकळा झालास."

कुशाबा सरळ झाले. "चंद्रभागा, चुकलं आमचं. किशोर, ते अर्धेलीचं राहू दे आता."

"नुसतं चुकलं नको," काकी म्हणाली. "माझी दोन खाचरं अजून बेणायची हायत. पाखड तुऱ्यावर आलंय, बी गळलं तर पुढल्या वर्षी सगळ्यांच्याच शेतात. उद्या सकाळी सावड. सगळी. बनुबाई, तू पण." आणि ती बाजूला झाली. "आता न्या बाप्पाला."

दुसऱ्या दिवशी सगळे आले. बनुबाई तोंड फुगवून का होईना, आल्या. किशोर हाफ पँटवर उतरला. काकीनं त्याला डोळे मिटायला लावले आणि दोन पाती हातात दिल्या. त्यानं भाताला पाखड म्हटलं. सगळ्या बायका अशा हसल्या की विचारू नका, आणि किशोरही हसला. विनीतनं मोबाईल काढला तर अंकितानं तो त्याच्या खिशात परत घातला. संध्याकाळपर्यंत दोन्ही खाचरं साफ झाली. किशोर एकटाच मुंबईला गेला. जाताना आईच्या ऑपरेशनची तारीख लिहून घेऊन गेला, भातकापणीनंतरची.

दसरा झाला, भात पिकलं. कापणीच्या पहिल्या दिवशी काकी मला म्हणाली, "चल माझ्याबरोबर, खालच्या आळीला. वाट नीट दिसत नाय."

वाट तिला पाठ आहे. तिला साक्षीदार हवा होता.

बनुबाई पडवीत बसल्या होत्या, कुशाबा खुर्चीत पेपर वाचत. दोन-तीन बाया सुपं घेऊन होत्या. काकी पायरी चढली, पदराखालून एक छोटी जुडी काढली आणि बनुबाईंच्या मांडीवर ठेवली. पाच-सहा लोंब्या, पिवळ्याजर्द, चिंधी तशीच बांधलेली. दोन वेढे, शेवट आत खुपसलेला.

"हे काय गो?" बनुबाई म्हणाल्या.

"तुझं एक रोप माझ्या हातनं उपटलं गेलं होतं. ते मी वाढवलं. दाणा न् दाणा हाय, झाडून घे."

बनुबाईंनी लोंब्यांवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाल्या, "बस चंद्रभागे. चहा टाकते."

"बसायला वेळ नाय, भात कापायचंय." काकी वळली, पायरी उतरली आणि खालून म्हणाली, "पुढल्या पावसात बी फेकाल तेव्हा आठवणीनं हाक मारा. बेणायला पहिली मी उतरणार. चहाचं कुशाबाला बघायला सांग."